पाच महिन्यांची खाज, चौदा महिन्यांची गोळी

हे प्रकरण एका विशिष्ट व्यक्तीचे नाही. ज्येष्ठांच्या त्वचेवर औषधांचे परिणाम कसे उमटतात आणि ते ओळखताना वाट कुठे चुकते, याचा जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो तो एका रुग्णाच्या रूपात बांधला आहे. औषधे, मात्रा, तपासण्या आणि उपचार प्रत्यक्षात असतात तसेच ठेवले आहेत. डॉक्टरांइतकेच ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.

रुग्ण आणि तक्रार

वय ७८. मुलगा आणि सून यांच्यासोबत राहणारे आजोबा. मधुमेह सोळा वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला. उजवा पाय थोडा ओढला जातो, काठी लागते, बोलणे मात्र स्पष्ट आहे. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या सूनबाई काढून देतात आणि त्या बाबतीत त्या काटेकोर आहेत. हे मुद्दाम नोंदवतो, कारण फोड येईपर्यंतच्या काळात औषध चुकले, विसरले किंवा जास्त गेले असे काहीही झालेले नव्हते. सगळे लिहून दिल्याप्रमाणे चालले होते.

त्वचारोगतज्ज्ञांकडे आणले तेव्हा सूनबाईंनी सांगितले, "बाबांना अँटिबायोटिक गरम पडलं. अंगभर फोड आलेत." तीन आठवड्यांपूर्वी खोकला आणि ताप आल्याने अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडच्या गोळ्या सात दिवसांसाठी दिल्या होत्या. पाचव्या दिवशी पोटावर आणि मांड्यांवर लालसर, फुगीर चट्टे उठले. गोळ्या संपल्या तरी चट्टे राहिले आणि पुढच्या आठवड्यात त्यांवर पाणी भरलेले फोड आले. फाइलवर लाल शाईने 'पेनिसिलीनची ॲलर्जी' असे लिहून झाले होते.

असा निष्कर्ष काढण्यात कोणाचे चुकले असे म्हणता येत नाही. औषधाने येणाऱ्या पुरळांपैकी सर्वाधिक आढळणारे गोवरासारखे लाल पुरळ औषध सुरू केल्यापासून साधारण ४ ते १४ दिवसांत येते आणि अँटिबायोटिके त्याच्या कारणांत अग्रभागी असतात. पण ते औषध थांबवले की एक-दोन आठवड्यांत ओसरते. इथे औषध थांबून दोन आठवडे झाले होते आणि रोज नवा फोड येत होता. शिवाय खांद्यांवर, पाठीवर जिथवर हात पोहोचतो तिथे आणि मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला खाजवून खाजवून जाड, काळसर झालेली कातडी होती. कातडी अशी व्हायला आठवडे नाही, महिने लागतात.

खाज कधीपासून, असे विचारल्यावर उत्तर आले, "ती तर पाच महिने आहे. पण ती वेगळी, ती कोरड्या कातडीची."

ते पाच महिने

या काळातले कागद एकत्र केले तेव्हा एक ओळखीचा क्रम समोर आला.

पहिल्या महिन्यात खाज रात्री जास्त, अंगावर दिसायला काहीच नाही. निदान: वयामुळे कोरडी पडलेली त्वचा. हे निदान चुकीचे ठरवता येत नाही, कारण उतारवयात तैलग्रंथींचे स्रवण कमी होते, बाहेरचा थर ओलावा धरून ठेवत नाही आणि साध्या कोरडेपणाने खाजणारे ज्येष्ठ खरोखरच खूप असतात. मॉइश्चरायझर दिले, थोडे बरे वाटले. दुसऱ्या महिन्यात खरजेचा संशय आला. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री परमेथ्रिन क्रीम लावले, आठवड्याने पुन्हा लावले, कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुतले. घरात दुसऱ्या कोणालाही खाज नव्हती, बोटांच्या बेचक्यांत काही नव्हते आणि दुसऱ्या फेरीनंतरही फरक पडला नाही. खरजेचा विचार तिथेच संपायला हवा होता.

तिसऱ्या महिन्यात झोपताना हायड्रॉक्सिझिन २५ मिलिग्रॅम सुरू झाले. खाज कमी वाटू लागली, कारण आजोबा झोपून राहू लागले. त्याच सुमारास लघवी अडखळू लागली. प्रोस्टेटचा त्रास समजून टॅमसुलोसिन जोडले. टॅमसुलोसिनने उभे राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो, हायड्रॉक्सिझिनने गुंगी होती, आणि एका पहाटे आजोबा न्हाणीघरात पडले. हाड मोडले नाही, हे नशीब.

हायड्रॉक्सिझिन, क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही जुनी, झोप आणणारी ॲलर्जीविरोधी औषधे म्हाताऱ्या माणसात गोंधळ, बद्धकोष्ठता, लघवी अडकणे आणि तोल जाणे घडवतात. वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची जी यादी अमेरिकेतले वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये प्रथम मांडली आणि जी पुढे वेळोवेळी सुधारली जाते, तिच्यात ही औषधे आहेत. खाजेवर पहिली गोळी म्हणून ती आजही सर्रास लिहिली जातात, आणि मला याची खरोखर काळजी वाटते. खाज ही झोपवून घालवायची गोष्ट नाही.

पाच महिन्यांच्या कागदांत आणखी एक गोष्ट होती. खाजेवर काय द्यायचे हे प्रत्येक भेटीत ठरले होते, पण आजोबा आधीपासून काय घेत आहेत हे कोणत्याही भेटीत लिहिलेले नव्हते. 'मधुमेह, रक्तदाबाची औषधे चालू' एवढेच.

फोड पाहताना

तपासणीत सर्वांत आधी जिवावर बेतणारे प्रकार बाजूला काढावे लागतात. ताप नव्हता. चेहरा सुजलेला नव्हता, मानेत-काखेत गाठी नव्हत्या. त्वचा खाजत होती, दुखत नव्हती. तोंड, डोळे, जननेंद्रिये स्वच्छ होती. फोडाशेजारची कातडी बोटाने सरकवल्यावर सुटून आली नाही. म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन किंवा टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिसची चिन्हे नव्हती. या दोन विकारांत कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. सोललेला भाग शरीराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पहिला, ३० टक्क्यांहून जास्त असेल तर दुसरा, मधले दोन्हींचे मिश्रण. औषध सुरू केल्यापासून ४ दिवस ते ४ आठवडे हा त्यांचा काळ. ॲलोप्युरिनॉल, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, सल्फा ही त्यांमागची नेहमीची नावे. आजोबांच्या यादीत यांतले काही नव्हते. डोळे किंवा तोंड सोलवटणे, दुखरी कातडी, ताप, चेहऱ्याची सूज यांपैकी काहीही असते तर पुढचे सगळे सावकाश चाललेले शोधकाम बाजूला ठेवून त्याच तासाला रुग्णालय गाठावे लागले असते.

फोड कसे होते? ताठ, टच्च भरलेले, एक ते तीन सेंटिमीटरचे, पाणी स्वच्छ, दोन फोडांत रक्ताची छटा. बहुतेक लाल चट्ट्यांवर, काही अगदी साध्या दिसणाऱ्या कातडीवरही. हातांच्या आतल्या बाजूला, मांड्यांवर, ओटीपोटावर जास्त. वरचा थर जाड असल्याने फोड लगेच फुटत नव्हते.

पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, महिनोन्‌महिने खाज, आणि मग ताठ फोड, एवढ्यावर एक नाव मनात यायलाच हवे: बुलस पेम्फिगॉइड. हा आजार वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ मध्ये पेम्फिगसपासून वेगळा काढला; पेम्फिगस हा फोडांचाच दुसरा आजार. त्वचेचा वरचा थर खालच्या थराला जे प्रथिनांचे टाके घट्ट धरून ठेवतात, त्यांतल्या बीपी१८० आणि बीपी२३० या दोन प्रथिनांविरुद्ध शरीर स्वतःच प्रतिपिंडे तयार करते. टाके उसवतात, मधल्या फटीत पाणी भरते. संपूर्ण वरचा थर फोडाचे छत होतो, म्हणून फोड ताठ राहतो. पेम्फिगसमध्ये फट वरच्या थराच्या आतच पडते, छत पातळ असते, फोड मऊ आणि लगेच फुटणारा असतो.

फोड येण्याआधी हा आजार कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने नुसती खाज बनून राहू शकतो. आजोबांची 'वेगळी' खाज वेगळी नव्हती.

रक्तात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत आणि अशा दाहात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दर मायक्रोलिटरला १,४०० होत्या. साधारणतः ५०० च्या आत असतात. क्रिएटिनिन १.४, त्यावरून काढलेली मूत्रपिंडाची गाळणक्षमता ५० च्या आसपास. स्नायू झडलेल्या वृद्ध माणसात क्रिएटिनिन तयारच कमी होते, त्यामुळे हा आकडा बरा दिसतो त्याहून मूत्रपिंड जास्त थकलेले असू शकते. यकृताच्या चाचण्या ठीक होत्या. गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, एचबीएवनसी, ७.६.

त्वचेचे दोन तुकडे घेतले. एक ताज्या फोडाच्या कडेचा, नेहमीच्या तपासणीसाठी, फॉर्मेलिनमध्ये. दुसरा फोडाच्या शेजारच्या अखंड कातडीचा, त्वचेत अडकलेली प्रतिपिंडे चमकवून दाखवणाऱ्या इम्युनोफ्लोरेसन्स तपासणीसाठी, मिशेल द्रावणात. दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला की तपासणी वाया जाते आणि रुग्णाला पुन्हा टोचावे लागते. गर्दीच्या दिवशी ही चूक सहज होते, म्हणून बाटल्यांवर आधीच नाव आणि तपासणी लिहून ठेवलेली बरी. पहिल्या तुकड्यात बाह्यत्वचेखाली फट आणि भरपूर इओसिनोफिल दिसले. दुसऱ्यात दोन थरांच्या सीमेवर आयजीजी प्रतिपिंडे आणि सी३ हे प्रतिकारयंत्रणेचे प्रथिन यांची सलग रेघ. निदान पक्के झाले.

औषधांची पिशवी

पुष्कळ ठिकाणी प्रकरण इथे संपले असते: वृद्धाला पेम्फिगॉइड झाला, स्टेरॉइड सुरू करा. पण सूनबाईंना सांगितले होते की घरात जेवढ्या गोळ्या, मलमे, बाटल्या आहेत तेवढ्या सगळ्या पिशवीत घालून आणा, चालू असो की बंद. पिशवी टेबलावर रिकामी केली.

"नवीन काय सुरू केलं?" हा प्रश्न आधीच्या प्रत्येक डॉक्टरांनी विचारला होता आणि सूनबाईंनी प्रत्येक वेळी खरे उत्तर दिले होते: काहीच नाही, फक्त ते अँटिबायोटिक. आता प्रश्न बदलला. "गेल्या दोन वर्षांत काय काय सुरू झालं, काय वाढवलं, कोणत्या कंपनीचं बदललं?" एका कागदावर आडवी रेघ ओढून त्यावर महिने लिहिले. वर औषधे, खाली त्रास.

मेटफॉर्मिन, ॲस्पिरिन ७५ आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० या तिन्ही गोळ्या वर्षानुवर्षांच्या. रक्तदाबाचे अ‍ॅम्लोडिपिन जुनेच, पण अकरा महिन्यांपूर्वी ५ वरून १० मिलिग्रॅम केलेले. त्यानंतर पावलांना सूज. नऊ महिन्यांपूर्वी सुजेसाठी फ्युरोसेमाइड ४०. आणि चौदा महिन्यांपूर्वी, एचबीएवनसी ८.१ आल्यामुळे साध्या मेटफॉर्मिनऐवजी 'शुगरची मोठी गोळी', दिवसातून दोनदा. पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांत लिहिले होते: मेटफॉर्मिन ५०० आणि व्हिल्डाग्लिप्टिन ५०.

घरच्यांच्या दृष्टीने ही गोळी नवीन नव्हती. एक शुगरची गोळी जाऊन दुसरी शुगरची गोळी आली होती. संयुक्त गोळ्यांचा हा मोठा धोका आहे. एका नावाखाली दोन औषधे असतात आणि दुसरे कोणते, हे घेणाऱ्याला माहीत नसते, कधीकधी पुढच्या डॉक्टरलाही नसते.

व्हिल्डाग्लिप्टिन ज्या ग्लिप्टिन गटात मोडते, त्यातले पहिले औषध, सिटाग्लिप्टिन, २००६ मध्ये बाजारात आले. साखर एकदम खाली जाऊ न देणारी, वजन न वाढवणारी ही औषधे वृद्धांमध्ये लोकप्रिय झाली आणि ते योग्यच होते. पुढच्या दशकात फ्रान्स, स्वित्झर्लंड, फिनलंड, इस्राएल, जपान अशा वेगवेगळ्या देशांतून एकच निरीक्षण येत गेले. ही औषधे घेणाऱ्यांत बुलस पेम्फिगॉइड अपेक्षेपेक्षा जास्त दिसतो, आणि अनेक अभ्यासांत हा संबंध व्हिल्डाग्लिप्टिनशी सर्वांत ठळक आहे. हे औषध ज्या डीपीपी-४ विकराला रोखते, तो आतड्याप्रमाणेच त्वचेत आणि रोगप्रतिकारक पेशींवरही असतो. त्याला रोखल्याने बीपी१८० कडे प्रतिकारशक्तीचे लक्ष का वळते, याची सगळी साखळी अजून उलगडलेली नाही. जपानमध्ये एचएलए-डीक्यूबी१*०३:०१ हा जनुकप्रकार असलेल्यांत हे जास्त होते असे आढळले आहे. एकूण पाहता ही दुर्मीळ गोष्ट आहे. ग्लिप्टिन घेणाऱ्या बहुसंख्यांना काहीही होत नाही, आणि हे वाचून कोणी आपली मधुमेहाची गोळी स्वतःहून बंद करू नये.

या प्रकरणातला माझा मुख्य मुद्दा वेळेचा आहे. अंगावर पित्ताच्या गांधी उठायच्या तर काही मिनिटांत ते काही तासांत उठतात. गोवरासारखे पुरळ दोन आठवड्यांच्या आत. ताप, सुजलेला चेहरा आणि यकृताला इजा घेऊन येणारी ड्रेस नावाची प्रतिक्रिया २ ते ८ आठवड्यांत. आपण हे घड्याळ पाठ करतो आणि त्याबाहेरचे औषध आपोआप निर्दोष धरतो. ग्लिप्टिनने होणारा पेम्फिगॉइड काही महिन्यांनी येतो, कधी काही वर्षांनी. एसीई इनहिबिटर गटाच्या रक्तदाबाच्या गोळीने ओठ-जीभ सुजणेही वर्षानुवर्षे विनातक्रार घेतल्यानंतर अचानक होऊ शकते. कॅल्शियम रोधक (अ‍ॅम्लोडिपिनच्या गटातल्या) औषधांशी वृद्धांतला रेंगाळणारा इसबासारखा दाह जोडला गेला आहे, तोही महिन्यांच्या हिशेबाने. साठीनंतर सुरू झालेल्या आणि सहा आठवड्यांत न गेलेल्या खाजेसाठी मागचे दोन आठवडे तपासणे पुरेसे नाही. मागची दोन वर्षे तपासावी लागतात.

काय थांबवले, काय दिले

संशयित दोन होते. लघवी वाढवणाऱ्या औषधांशी, त्यातही फ्युरोसेमाइडशी पेम्फिगॉइडचा संबंध अधूनमधून नोंदवला गेला आहे. तपासाच्या दृष्टीने एका वेळी एकच औषध थांबवणे चोख ठरले असते. पण फ्युरोसेमाइडची गरजच नव्हती. पायांची सूज हृदयाची नव्हती, अ‍ॅम्लोडिपिनची होती, आणि अशा सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही. म्हणून अ‍ॅम्लोडिपिन परत ५ वर आणले, रक्तदाबाचेच टेल्मिसार्टन ४० जोडले, पोटॅशियम-क्रिएटिनिन दोन आठवड्यांनी तपासायचे ठरवले आणि फ्युरोसेमाइड बंद केले. हायड्रॉक्सिझिन बंद. महिन्याभराने लघवी मोकळी होत असल्याचे पाहून टॅमसुलोसिनही बंद. एका औषधाचा त्रास नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध द्यायचे, या साखळीच्या दोन कड्या या एकाच माणसात होत्या, आणि दोन्ही उलट दिशेने सोडवता आल्या.

व्हिल्डाग्लिप्टिनची गोळी त्याच दिवशी बंद. तिच्या जागी साधे मेटफॉर्मिन. दुसरे ग्लिप्टिन देऊन पाहायचे नाही, कारण संबंध गटाचा आहे. सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, सॅक्साग्लिप्टिन, अलोग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या सर्वांच्या नावाचा शेवट सारखाच असल्याने घरच्यांनाही पाकीट वाचून ते ओळखता येते.

साखरेचे काय, हा मुलाचा पहिला प्रश्न होता. रास्त प्रश्न. पण ७८ वर्षांचे, अर्धांगवायू होऊन गेलेले, एकदा पडलेले गृहस्थ. त्यांच्यासाठी एचबीएवनसी ८ च्या आसपास असणे मान्य करण्यासारखे आहे. त्याहून खाली ओढण्याच्या प्रयत्नात साखर अचानक उतरली तर ते पुन्हा पडतील. चौदा महिन्यांपूर्वी ८.१ वर औषध वाढवले नसते तरी चालले असते, असे माझे मत आहे. मेटफॉर्मिनशिवाय बदली औषध म्हणून काहीही सुरू केले नाही. घरी आठवड्यातून तीन दिवस साखर मोजायची एवढेच सांगितले.

पेम्फिगॉइडवर तोंडाने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देणे हा पूर्वीचा सरधोपट मार्ग. ते फोड लवकर थांबवते, पण मधुमेह चढवते, हाडे ठिसूळ करते, जंतुसंसर्गाला वाट देते. फ्रान्समधल्या २००२ च्या चाचणीत मोठ्या प्रमाणावर फोड आलेल्या रुग्णांना अंगभर क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड मलम दिले तेव्हा वर्षाअखेरीस ७६ टक्के हयात होते, तोंडाने स्टेरॉइड दिलेल्यांपैकी ५८ टक्के. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन-जर्मनीतल्या चाचणीत डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक रोज २०० मिलिग्रॅम आणि प्रेडनिसोलोन यांची तुलना झाली. सहा आठवड्यांनी फोड आटोक्यात आलेले ७४ टक्के विरुद्ध ९१ टक्के. वर्षभरातले गंभीर, जीवघेणे किंवा मृत्यूला कारण ठरलेले दुष्परिणाम मात्र १८ टक्के विरुद्ध ३६ टक्के. मंद पण सुरक्षित, असा तो पर्याय आहे. आजोबांसाठी क्लोबेटासोल ०.०५ टक्के रोज ३० ग्रॅम, चेहरा सोडून अंगभर, आणि डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा असे ठरले. डॉक्सीसायक्लिन बसून, पेलाभर पाण्यासोबत घ्यायचे आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेत व्रण होतो.

कागदावर 'अंगभर मलम' लिहायला एक ओळ लागते. प्रत्यक्षात उजवा हात कमजोर असलेल्या माणसाच्या पाठीला ते कोण लावणार? सूनबाई संकोचल्या, आजोबा तर अधिकच. मुलाने संध्याकाळची वेळ आपल्याकडे घेतली. हातमोजे घालून, न घासता, थापून. परिचारिकेने पहिल्या दिवशी समोर बसवून दाखवले. मोठा फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढायचे, वरचे कातडे तसेच ठेवायचे, चिकटपट्टी थेट कातडीवर लावायची नाही. वयाने त्वचेच्या दोन थरांमधली नागमोडी सीमा सपाट होत जाते, थर एकमेकांना कमी घट्ट धरतात, आणि त्यात हा आजार. चिकटपट्टी ओढताना कातडीच निघून येते. हे शिकवण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा औषधचिठ्ठी लिहिण्यात गेला नव्हता. तो वेळ सत्कारणी लागला.

दोन आठवड्यांत खाज निम्म्यावर आली. आजोबा पाच महिन्यांनंतर पहिल्यांदा गोळी न घेता रात्रभर झोपले, असे मुलाने सांगितले. चौथ्या आठवड्याच्या शेवटी नवे फोड थांबले. मलम चार महिन्यांत हळूहळू उतरवायचे ठरले.

चौथा महिना

मलम आठवड्यातून दोनदावर आले असताना खाज पुन्हा सुरू झाली आणि हातांवर चार ताठ फोड दिसले. मलम उतरवल्यामुळे आजार उलटला, हा पहिला अंदाज. तसे होतेही. तरी पुन्हा पिशवी मागवली.

तिच्यात 'शुगरची मोठी गोळी' होती. तीन आठवड्यांपूर्वी सूनबाई काही दिवस बाहेरगावी होत्या. मुलाने कपाटातल्या जुन्या चिठ्ठीवरून औषधे आणली, आणि त्या चिठ्ठीत ती होती. नव्या चिठ्ठीवर 'मेटफॉर्मिन' लिहिले होते, पण 'जुनी गोळी आता कधीही नाही' असे कुठेच लिहिलेले नव्हते. थांबवलेले औषध चिठ्ठीवरून नुसते गायब होते. ते थांबवल्याची आणि का थांबवल्याची नोंद स्वतंत्र करावी लागते, नाहीतर ते असे परत येते.

गोळी पुन्हा बंद केली, मलम रोज एकदा केले, तोंडाने काहीही वाढवले नाही. तीन आठवड्यांत त्वचा शांत झाली.

कारणाचा निवाडा

औषध आणि त्रास यांचा संबंध किती दाट, हे मोजायला १९८१ ची नारान्जो मोजपट्टी वापरतात. आधीच्या ठोस नोंदी असल्याने १, औषधानंतर त्रास झाल्याने २, थांबवल्यावर सुधारणा म्हणून १, वस्तुनिष्ठ पुरावा म्हणून १. दुसरी कारणे शक्य असल्याने उणे १. पहिल्या फेरीत बेरीज ४, म्हणजे 'शक्य'. औषध पुन्हा पोटात जाऊन फोड परतले, त्याचे २ धरले की ६, म्हणजे 'संभाव्य'. 'निश्चित' म्हणायला ९ लागतात.

ते उणे १ महत्त्वाचे आहे. बुलस पेम्फिगॉइड मुळातच उतारवयाचा आजार आहे आणि अर्धांगवायू, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश यांच्यासोबत जास्त दिसतो. आजोबांना तो गोळीशिवायही झाला असता का? नाकारता येत नाही. पुन्हा फोड आले तेव्हा मलमही कमी झालेले होते, हेही खरे. पण फ्युरोसेमाइड त्या वेळी बंदच होते, त्यामुळे दोन संशयितांपैकी एकावरचा संशय बराच हलका झाला. आणि रोजचा निर्णय घ्यायला निश्चिती लागत नाही. गरज नसलेले, संशय दाट असलेले, टाळता येणारे औषध टाळायचे, एवढे ठरवायला 'संभाव्य' पुरेसे आहे.

अँटिबायोटिकवरचा लाल शेरा बदलला. त्याला पूर्ण निर्दोष ठरवता येत नव्हते, पेटायला आलेल्या आजाराला त्याने किंवा त्या तापाने हातभार लावला असेल. पण त्याच्या आधी पाच महिने असलेली खाज त्याची नव्हे. नवी नोंद अशी: 'अमॉक्सिसिलिन घेत असताना चट्टे, अंतिम निदान बुलस पेम्फिगॉइड, पेनिसिलीन-ॲलर्जी सिद्ध नाही, गरज पडल्यास ॲलर्जीतज्ज्ञांकडून तपासून ठरवावे.' विनाकारण चिकटलेला पेनिसिलीनचा शिक्का म्हाताऱ्या माणसाला महागात पडतो. पुढच्या न्यूमोनियात नेमके कामाचे औषध हातचे जाते आणि जास्त दुष्परिणामांचे दुसरे द्यावे लागते.

प्रतिक्रियेची नोंद राष्ट्रीय औषध-सतर्कता यंत्रणेकडे पाठवली. अशा नोंदी जगभरातून स्वीडनमधल्या उप्साला येथील केंद्रात जमा होतात. ग्लिप्टिन आणि पेम्फिगॉइडचा संबंध लक्षात येण्यात डॉक्टरांनी भरून पाठवलेल्या अशाच फॉर्मचा मोठा वाटा होता.

सध्या

वर्षभरानंतर आजोबांच्या चालू औषधांत मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन ५, टेल्मिसार्टन ४०, ॲस्पिरिन आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आहेत. पायांची सूज उतरली आहे. एचबीएवनसी ७.९. डॉक्सीसायक्लिन सहाव्या महिन्यात थांबवले, मलम आठव्या महिन्यात. हातांवर फिकट डाग राहिले आहेत, खाज नाही. बीपी१८० विरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी उतरली आहे, पण शून्य झालेली नाही, त्यामुळे दर तीन महिन्यांनी भेट चालू आहे. चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत, चालू औषधांच्याही वर, लिहिलेले असते: 'ग्लिप्टिन गटातील कोणतेही औषध, एकटे किंवा संयुक्त गोळीत, देऊ नये. कारण: बुलस पेम्फिगॉइड.' जुन्या चिठ्ठ्या सूनबाईंनी फाडून टाकल्या आहेत, आणि या ओळीची एक प्रत मुलाच्या पाकिटात असते.